उभ्यांचा अर्ज

त्या वर्षी वारा सुटला तो एकोणीस दिवस पडलाच नाही. होडी पाण्यात घातली की खडकांच्या तोंडाशी समुद्र तिला परत किनाऱ्यावर थुंकायचा. आमच्या मनुपा बेटावरच्या कोंबड्या त्या दिवसांत पाठमोऱ्या चालायला शिकल्या, पिसं उलटू नयेत म्हणून. वारा पडल्यावरही त्यातल्या दोघी तशाच चालत राहिल्या. त्यांची अंडी मी खाल्ली आहेत. चवीत फरक नव्हता.

असा वारा असला की जहाज येत नाही. खोबऱ्याची पोती शेडमध्ये पडून राहतात, साखर संपते, साबण संपतो आणि माणसं एकमेकांची जुनी भांडणं उकरून खातात. पण खोबऱ्याचं काम थांबवता येत नाही, कारण नारळ वाऱ्याला विचारून पडत नाहीत. नेपाच्या घरची धाकटी सून विनी पहाटेपासून सुळ्यावर नारळ सोलायची, फोडायची, धुराच्या माचावर पसरायची. तिच्या हातांना इतक्या भेगा होत्या की मीठ वाढताना ती ओठ आवळायची. आणि सकाळी सात वाजता नि दुपारी दोन वाजता ती हात धुऊन, धुराच्या वासासकट, दवाखान्याच्या खोपटात जाऊन कानाला यंत्र लावायची.

ते यंत्र म्हणजे हवेचं टपाल. राजधानीत, होनिआरात, एका दुकानाच्या माडीवर, दोन खोल्यांत चार माणसांची एक संस्था होती. नाव एवढं लांब होतं, की ते सांगेपर्यंत माणसाला तहान लागायची. आम्ही त्यांना हवेवाले म्हणायचो. त्यांचा जॅस्पर नावाचा माणूस तीन पेट्या घेऊन आला. जहाजात तो इतका ओकला होता, की उतरल्यावर त्याची सावलीच आधी उतरली असं वाटलं. दोन माडांच्या शेंड्यांमध्ये त्यानं एक तार ताणली, छपरावर उन्हाची काच बसवली, खाली बॅटरी, रेडिओ आणि झाकणाचा एक छोटा संगणक. टेलिफोन नाही, खांब नाही. विनीनं लिहायचं, यंत्रानं डब्यात कोंडलेल्या कोंबडीसारखं ओरडायचं आणि ते लिहिलेलं आठशे मैलांवर होनिआरात डॅफ्नी नावाच्या मुलीनं कागदावर उतरवून घ्यायचं. मग डॅफ्नी तो कागद घेऊन ज्याचा त्याला पायी नेऊन द्यायची.

यंत्र चालवायला कुणी तयार नव्हतं. पुरुष म्हणाले, बसून बोटं नाचवायचं काम बायकांचं. विनी शाळेत तीन वर्षं जास्त गेली होती, ती बसली. वर्षभरात तेच पुरुष तिच्या दारात ओळ लावून उभे राहायला लागले, ते सोडा.

आता नेपाबद्दल. नेपा माझा होडीतला सोबती. होडी कलंडू नये म्हणून बाजूला बांधतात त्या उलांडीच्या ओंडक्यावर आम्ही दोघं म्हातारे झालो. डोंगराच्या कण्यावरचं रानबदामांचं सगळं रान त्याचं. ती झाडं अशी उंच, की शेंड्यावर घरटं करायला निघालेलं कबुतर वाटेत विसाव्याला थांबायचं. आमच्या भाषेत नेपा म्हणजे झाड. आणि आमच्याकडे सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही. नाव घ्यायचं नाही म्हणजे तो शब्दच तोंडात आणायचा नाही, मग तो माणसाला असो की लाकडाला. म्हणून नेपाच्या सुना झाडाला ‘उभा’ म्हणायच्या. उभ्यावर चढ, उभ्याची पानं आण, वाऱ्यानं उभा पडला. पडलेला उभा. आम्हाला त्याचं हसू येत नसे, सवय होती.

थोरल्या सुनेनं एकदा देवळात वाचन करताना ‘बऱ्यावाइटाच्या ज्ञानाचं झाड’ असं इंग्रजीत वाचलं. तिला वाटलं, परक्या भाषेत चालतं. नेपा प्रार्थना संपेपर्यंत थांबला आणि बाहेर येऊन तिच्या माहेराकडून डुक्कर दंड घेतला. म्हणाला, “नाव आवाजात नसतं, अर्थात असतं.” तेव्हापासून कुठल्याच भाषेत ते चालेना. पुढल्या रविवारी त्याच सुनेनं ज्ञानाचा उभा वाचला आणि पाद्रीबाबानं डोळे मिटून घेतले.

सासरा-सून एकमेकांशी थेट बोलतही नाहीत. मध्ये तिसरं माणूस लागतं. त्या घरात बहुतेक वेळा ते तिसरं माणूस मी असायचो, कारण जेवण चांगलं होतं.

गोष्ट सोमवारपासूनची. सकाळी सातला विनीनं यंत्र लावलं. मी खोपटाच्या दारात विडीचं पान वळत बसलो होतो. वाचता वाचता तिनं मान वर केली नि म्हणाली, “काका, ह्यांना बोलवा. मामंजींनाही. डॅफ्नीनं लिहिलंय.”

विनीचा नवरा क्लेमेंट आला. त्याच्या मागं म्हातारा आला आणि सुनेकडं पाठ करून उंबऱ्यावर बसला. विनीनं वाचलं. सरकारी कचेरीच्या भिंतीवर डॅफ्नीला एक नोटीस दिसली होती, तीवर आमच्या बेटाचं नाव होतं म्हणून ती थांबली होती. लाकूड कंपनीनं मनुपाच्या कण्यावरचं रान तोडायची परवानगी मागितली आहे. मालकाची संमती आहे, अंगठा जोडला आहे. शुक्रवारी सुनावणी. कुणाची हरकत असेल तर बुधवारी चार वाजायच्या आत लेखी, मालकाच्या नावानिशी आणि कशाला हरकत आहे ते लिहून.

“अंगठा?” क्लेमेंट म्हणाला. “कुणाचा अंगठा?”

म्हाताऱ्याची मान हळूहळू खाली गेली, खांद्यांच्या मध्ये कासवासारखी.

नाताळात बुटवाला आला होता. बुटवाला म्हणजे कंपनीचा एजंट, वाळूतही बूट घालून फिरायचा. त्यानं नेपाला तांदळाची तीन पोती दिली, सणाची भेट म्हणून, आणि पोती मिळाली एवढंच लिहिलेला कागद म्हणून एका कागदावर अंगठा घेतला. मागून एक बार्ज आली नि पिवळा ट्रॅक्टर किनाऱ्यावर उतरवून गेली. बुटवाला म्हणाला, रस्त्याची पाहणी आहे. आम्ही तो भात खाल्ला. मीही खाल्ला, दोनदा वाढून घेतला.

“बाबा,” क्लेमेंट म्हणाला, “कागद कुणाकडून वाचून तरी घ्यायचा.”

“भात तूही खाल्लास,” म्हातारा जमिनीकडं बघत म्हणाला.

“मी खाल्ला. पण अंगठा नाही दिला.”

हे पोरानं बापाला बोलायचं बोलणं नव्हतं. म्हातारा उठून गेला. त्या दिवसापासून बुधवारपर्यंत तो जेवला नाही. विनी पानावर भाजलेलं अळू ठेवायची, ते कुत्रा खायचा. कुत्रा मात्र त्या तीन दिवसांत बाळसेदार झाला.

क्लेमेंटनं ठरवलं, आपण स्वतः प्रांताच्या गावाला जाऊन कचेरीत अर्ज द्यायचा. दीड दिवसाची वाट. आम्ही म्हणालो, वारा बघ. तो म्हणाला, रान बघा. नऊ माणसांनी होडी पाण्यात ढकलली, क्लेमेंट आणि त्याचे दोन चुलतभाऊ वल्ह्यावर. खडकांच्या फटीत पहिली लाट त्यांनी काढली, दुसरी काढली. तिसरीनं उलांडी अशी मोडली, जशी आपण भाजलेल्या माशाची शेपटी मोडतो. तिघं जिते परत आले. क्लेमेंटचा उजवा खांदा निखळून हात मागच्या बाजूला लोंबत होता. त्याला झोळीत घालून पलीकडच्या गावी हाडवैद्याकडं नेलं. वाटेत तो सारखा “अर्ज, अर्ज” म्हणत होता.

म्हणून अर्ज विनीनं लिहिला, सरकारला लागतो तसा इंग्रजीत. दुपारी दोनला. हातांना चीक नि काजळी, केस धुरानं ताठ. लिहून झाल्यावर तिनं मला आमच्या भाषेत वाचून दाखवला:

“माझ्या नवऱ्याच्या वडिलांनी आपले उभे कुणालाही दिलेले नाहीत. उभे आमच्या आज्या-पणज्यांपासून उभे आहेत. कंपनीनं उभ्यांना हात लावू नये. अंगठा तांदळासाठी होता.”

“झकास,” मी म्हणालो. मला खरंच तो झकास वाटला. आमच्यातल्या कुणालाही वाटला असता.

यंत्र ओरडलं, अर्ज गेला. आम्ही रात्री शांत झोपलो.

मंगळवारी सातला उत्तर आलं. डॅफ्नीनं लिहिलं होतं: “विनीताई, अर्ज कचेरीत दिला. साहेब भले आहेत, पण म्हणाले, निवडणूक पुढच्या वर्षी आहे. कोण कोण उभे आहेत त्यांची नावं कळवा, आणि कंपनी उमेदवारांना हात लावते आहे का, ते पोलिसांचं काम. मी म्हटलं, हे रानाबद्दल असावं. ते म्हणाले, मग तसं लिहिलेलं पाहिजे, तोंडी चालत नाही. आणि नवऱ्याच्या वडिलांना नाव नाही का? नावाशिवाय शिक्का बसत नाही. ताई, मला काही कळलं नाही, पण उद्या चारच्या आत पाठवा. मी कचेरीच्या पायरीवर बसते.”

डॅफ्नी दुसऱ्या बेटाची. तिच्याकडे सुना सासऱ्याला नावानं हाक मारतात म्हणे. असतात असे लोक.

विनीनं संगणक पुढं ओढला. मग तिनं एक अक्षर दाबलं, ते पुसलं. पुन्हा दाबलं, पुन्हा पुसलं.

“काका, माझ्यानं नाही होत.”

“इथं कोण ऐकतंय तुला?”

“मी ऐकते ना.”

तेवढ्यात यंत्रावरचा हिरवा दिवा पिवळा झाला, पिवळ्याचा लाल झाला आणि लाल विझला. आठ दिवस आभाळ कुंद होतं. छपरावरची काच दिवसभर ढग खात होती, आणि ढगावर बॅटरी चालत नाही. मंगळवारी दोनची वेळ मुकी गेली. बुधवारी सातचीही.

बुधवारी सकाळी विनी नारळ फोडत होती आणि प्रत्येक घावाला करवंटी नको तिथं फुटत होती. मी तिच्यासमोर बसलो होतो. समोर किनाऱ्यावर तो पिवळा ट्रॅक्टर होता, त्याच्या सावलीत त्याचा ड्रायव्हर टोटू पालथा पडला होता. टोटू पश्चिमेकडच्या बेटाचा, मोठ्या पोटाचा, लाजरा माणूस. बुटवाल्यानं त्याला ट्रॅक्टरपाशी बसवलं आणि दोन महिने विसरला. तो आमच्याच घरोघर जेवायचा. आठवड्यापूर्वी त्याच्या बायकोनं मुलगी जन्माला घातल्याची बातमी हवेच्या टपालानंच आली होती. विनी सोलायचं काम टाकून किनाऱ्यावर पळत गेली होती सांगायला. टोटू ती बातमी रोज एकदा पुन्हा वाचून घ्यायला यायचा, वजनासकट.

माझी नजर ट्रॅक्टरवरून विनीकडं गेली. विनीची आधीच तिकडं होती.

“त्यात असते ना, काका?”

“एक नाही, दोन असतात. माणसाला दोन मूत्रपिंडं असतात तसं.”

मी जाऊन टोटूला उठवलं. त्याला सगळं सांगितलं. तो बराच वेळ पोट खाजवत राहिला.

“माझी नोकरी जाईल, म्हाताऱ्या.”

“नोकरी? दोन महिन्यांत साहेबानं तुला बिस्किट तरी पाठवलं का?”

“नाही.”

“मुलगी किती वजनाची?”

“सात पौंड,” असं म्हणून तो उठला आणि पाना शोधायला लागला.

बॅटरी एवढी जड होती की माझ्या आठवणीत ती आणायला सहा माणसं लागली. लोक म्हणतात, टोटूनं एकट्यानंच खांद्यावर टाकून आणली. असेल. दवाखान्याच्या खोपटात ती ठेवली तेव्हा पाऊण वाजला होता. यंत्राचे चिमटे तिच्या जाड बोंडांना बसेनात. टोटूनं दोन्ही तारा हातानं दाबून धरल्या आणि खाली मांडी घालून बसला. हिरवा दिवा लागला.

आणि तेव्हा दारात नेपा उभा होता. तीन दिवसांच्या उपासानं गाल आत गेलेले. तो आत आला, नेहमीसारखा सुनेकडं पाठ करून बसला.

“तिला विचार,” तो मला म्हणाला, “काय अडलंय.”

“त्यांना सांगा,” विनी मला म्हणाली, “नाव अडलंय. आणि उभे अडलेत.”

मी म्हणालो, “सोपं आहे. ती अक्षरं दाखवेल, मी दाबतो. मला कुणाचंही नाव चालतं. मी तर राजाच्या बायकोचंही घेतो.”

बाहेर माड वाऱ्यात डोकं आपटून घेत होते.

“नाही,” तो म्हणाला. “एकदा न बघता अंगठा दिला. आता माझं बोट मी बघून देणार.”

“पण आपलं नाव आपण घ्यायचं नसतं, नेपा. बढाई होते.”

“घेतोय कुठं? तोंड बंदच आहे.”

आता दुसरा पेच. म्हाताऱ्याला अक्षर ओळखता येत नाही, विनीनं दाखवायचं. पण नावाची चार इंग्रजी अक्षरं दाखवली म्हणजे नाव घेतलं, असं झालं की नाही? ह्यावर आम्ही, वेळ चाललेली असताना, बसून वाद घातला. आमच्या बेटावर ह्याशिवाय काम पुढं सरकत नाही. टोटू तारा धरून घाम गाळत म्हणाला, “लवकर ठरवा, मला मुंग्या येतायत.” शेवटी मी निकाल दिला: डुकराचा एक पाय म्हणजे डुक्कर नव्हे. एकेक पाय वेगळा दाखवायचा, मध्ये दुसरं काहीतरी बोलायचं, म्हणजे डुक्कर जुळत नाही.

“तिला विचार, हे तिला पटतंय का,” नेपा म्हणाला.

“त्यांना सांगा, पटतंय,” विनी म्हणाली. तिनं झावळीची एक हीर घेतली, आणि लांबून, हात न लावता, हिरेच्या टोकानं पहिलं अक्षर दाखवलं.

म्हातारा वळला. त्या यंत्रासमोर मी त्याला पहिल्यांदाच बघत होतो. त्या बोटानं साठ वर्षं वाकस धरलेला, सोळा होड्या कोरलेल्या. नख शिंपल्यासारखं. त्यानं ते बोट वर उचललं, नेम धरला आणि हाणलं. हाणून दाबूनच धरलं. पडद्यावर N N N N N अशी रांग धावत सुटली, एक ओळ, दुसरी ओळ, तिसरी.

“काका, सोडायला सांगा! टिचकी मारायची म्हणावं, खिळा नाही ठोकायचा.”

“तिला सांग, ह्या बोटाला टिचकी ठाऊक नाही.”

विनीनं रांग पुसली. “आज पोत्यांना उंदीर लागलेत,” ती नियमाप्रमाणं मध्येच म्हणाली, नि दुसरं अक्षर दाखवलं. म्हाताऱ्यानं या वेळी बोट पिसासारखं टेकवलं; काहीच उमटलं नाही. पुन्हा. उमटलं. “वारा थोडा वळलाय,” विनी म्हणाली. तिसरं. “कुत्रा फार सुटलाय.” चौथं.

चार अक्षरं पडद्यावर एका ओळीत बसली. म्हातारा वाकून बघत राहिला. कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबला होता.

“हाच मी?” त्यानं मला विचारलं.

मला वाचता येत नाही. मी विनीकडं बघितलं. तिनं मान हलवली.

“हाच तू,” मी म्हणालो.

“लहान आहे,” तो म्हणाला. थोडा हिरमुसला होता. मग म्हणाला, “आता दुसरं.”

दुसरा शब्द म्हणजे इंग्रजीतलं झाड; तोही चार अक्षरांचाच होता, आणि तीन ठिकाणी यायचा होता. बाकीचं विनी भराभर लिहायची, त्या जागी आली की हात मांडीवर घ्यायची आणि हीर उचलायची. तिसऱ्या वेळी म्हाताऱ्याला हीर लागली नाही. त्यानंच चार टिचक्या मारल्या. एक चुकली, ती त्यानं स्वतः पुसली, आणि विनी उंदरांबद्दल काहीतरी बोलायचं विसरली.

दोनला दोन मिनिटं कमी होती. शेवटची ओळ लिहून झाली: अंगठा तांदळासाठी होता, बोट रानासाठी आहे. ही ओळ नेपानं सांगितली, माझ्यामार्फत. मी त्यात थोडी भर घालणार होतो, पण विनीनं माझ्याकडं बघितलं.

यंत्र ओरडायला लागलं. होनिआरा सापडेना. खरखर, मग लांबची एक बाई भजन म्हणतेय असं काहीतरी, मग पुन्हा खरखर. हिरवा दिवा पिवळा झाला.

“टोटू, घट्ट धर,” विनी म्हणाली.

“धरलंय, ताई. हात बधिर झालेत, पण धरलंय.”

मग कोंबडी ओरडली, पलीकडून दुसरी कोंबडी ओरडली, दोघी एकमेकींत मिसळल्या. पडद्यावर एक पट्टी गोगलगायीसारखी सरकू लागली. आम्ही चौघं तिच्याकडं बघत होतो. नेपा तिच्यासोबत खांदा पुढं सरकवत होता, होडी ढकलताना सरकवतात तसा. अर्ध्यात ती थांबली. मग ती सरकली आणि टोकाला गेली.

“गेलं,” विनी म्हणाली.

टोटूनं तारा सोडल्या आणि तो तसाच आडवा झाला. नेपानं मला विचारलं, “तिला विचार, अळू आहे का घरात?”

गुरुवारी आभाळ फाटलं, ऊन पडलं, काचेनं पोटभर खाल्लं. सातला डॅफ्नीचं टपाल आलं: “तीन वाजून पन्नास मिनिटांनी शिक्का बसला. साहेबांनी अर्ज दोनदा वाचला आणि शेवटची ओळ बाजूच्या साहेबांना दाखवली.” शुक्रवारी दोनला, सगळं गाव खोपटाभोवती जमलेलं असताना, निकाल आला. तांदळाच्या कागदावरचा अंगठा संमती धरता येत नाही. मालकाचा लेखी नकार आहे. परवानगी नामंजूर. कंपनीनं आपलं यंत्र महिन्याच्या आत बेटावरून न्यावं.

विनीनं ते मोठ्यानं वाचलं. सरकारी निकालात झाड हा शब्द सतरा वेळा होता. सतराही वेळा तिनं उभे वाचलं आणि सतराही वेळा गावानं आरोळी ठोकली. झोळीतून आलेल्या क्लेमेंटनं डाव्या हातानं बापाचा पाय दाबला. म्हातारा म्हणाला, “खांदा कसाय?” एवढंच झालं, पण मिटलं.

बाराव्या दिवशी बार्ज आली. बुटवाला उतरला, कुणाकडं न बघता टोटूला म्हणाला, “चढव.” टोटूनं किल्ली फिरवली. ट्रॅक्टर एकदा खोकला नि गप्प झाला. बॅटरी परत बसवली होती, पण तिच्यातली सगळी ताकद हवेतून होनिआराला गेली होती.

“काय झालं ह्याला?” बुटवाला.

“वय झालं असेल,” मी म्हणालो.

भरती उतरायला लागली होती. बार्जवाला ओरडला, अर्ध्या तासात निघतो. बुटवाल्यानं मग गावाकडं बघितलं, पहिल्यांदाच. म्हणाला, “वीस माणसं मिळतील का? ढकलायला.”

“वीस?” क्लेमेंट म्हणाला. “थांबा, सगळे येतात.”

आले. नव्या होडीला रानातून खाली ओढतात तसे माडाचे ओंडके वाळूत आडवे टाकले, वेलींचे दोर बांधले. बाया डावीकडच्या दोराला, पुरुष उजवीकडच्या. लहानमोठे धरून दोनशे हात. मी मोजायला उभा होतो म्हणून माझे नाहीत. नेपाला आम्ही उचलून ट्रॅक्टरच्या खुर्चीवर बसवलं. त्यानं चाक दोन्ही हातांत असं धरलं, जसं काही तेच सगळं ओढणार आहे. बुटवाला त्याच्या बुटांसकट मागून ढकलत होता.

होडी ओढताना आमच्याकडे एकानं हाक द्यायची, बाकीच्यांनी जबाब द्यायचा आणि जबाबाबरोबर जोर लावायचा. हाक मी दिली, तेवढं मला जमतं.

“कुणाचं रान?”

“नेपाचं!”

ट्रॅक्टर हलला. ओंडका फिरला, मागचा काढून पुढं टाकला.

“कुणाचं रान?”

“नेपाचं!”

बायांच्या रांगेत विनी सगळ्यात पुढं होती. दोर खांद्यावर, टाचा वाळूत रुतलेल्या, मानेच्या शिरा ताठ. पहिल्या दोन जबाबांना तिचे ओठ मिटलेले मी पाहिले. चाकं वाळू संपून बार्जच्या फळीला भिडली आणि अडली. पाणी मागं चाललं होतं. दोर ताणून वाजू लागला.

“कुणाचं रान?” मी गळा फाटेपर्यंत ओरडलो.

“नेपाचं!” सगळे ओरडले, आणि सगळ्यांच्या मागून, अर्धा क्षण उशिरा, एकटा एक आवाज आला. बाईचा, भरदार, पोटातून निघालेला.

“नेपाचं!”

दोर सैल पडला. शंभर माणसं जागच्या जागी थांबली. विनी वाळूकडं बघत उभी होती, तोंडावर हात न ठेवता, कारण हात दोरावर होते. थोरली सून तिच्याकडं बघत होती. क्लेमेंट बापाकडं बघत होता. ती सून होऊन आल्यापासूनच्या एकोणीस वर्षांत ते नाव त्या तोंडातून कुणी ऐकलं नव्हतं.

म्हातारा खुर्चीत वळला. माझ्याकडं नाही, सरळ सुनेकडं बघितलं.

“विनी,” तो म्हणाला, “थांबलीस कशाला? ओढ.”

तिनं ओढलं. ट्रॅक्टर फळीवरून असा वर गेला, की बार्जचं दुसरं टोक पाण्यातून वर आलं आणि तिथं उभा असलेला बार्जवाला थेट समुद्रात पडला. हे मात्र सगळ्यांनी पाहिलं आहे, कुणालाही विचारा.